मातीचे रोमिओ-ज्युलिएट

कोल्हापूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. शिबिरातल्या मुलांकडून शेक्सपिअरची 'रोमिओ अँड ज्युलिएट' ही शोकांतिका करून घ्यायची आणि शेवट मात्र गोड करायचा, हा नाटककाराशी द्रोह ठरेल, असे तू लिहितोस. मला हे मान्य नाही. कारण सांगण्यासाठी केली ॲस्बरी यांनी दिग्दर्शित केलेल्या 'नोमिओ अँड ज्युलिएट' या २०११ सालच्या ॲनिमेशनपटाचा आधार घेतो.

यात दोन वैरी घराणी म्हणजे शेजारच्या दोन बागांतले मातीचे बुटके पुतळे आहेत. एका बागेतले निळे, दुसरीतले लाल. पेठापेठांतल्या तालमींची ईर्ष्या बघत वाढलेल्या माझ्या भाच्यांना या वैराचे कारण विचारावेसेही वाटले नाही. मूळ नाटकातही शेक्सपिअर ते जुने वैर आहे एवढेच सांगतो, कशावरून पडले ते सांगत नाही.

पात्रे मातीची करण्यातच या रूपांतराचे खरे मर्म आहे, असे मला वाटते. नोमिओ आणि ज्युलिएट यांचा एकमेकांना स्पर्श झाला की चिनी मातीच्या भांड्यांसारखी बारीक किणकिण ऐकू येते, आणि त्या आवाजातच, हे दोघे केव्हाही फुटू शकतात, याची जाणीव प्रेक्षकाला राहते. मरण म्हणजे काय हे लहान मुलाला समजावून सांगणे कठीण. फुटणे म्हणजे काय हे त्याला घरात रोज दिसते. पुढे ज्युलिएटचा बाप तिला तिच्या चौथऱ्याला गोंदाने चिकटवून टाकतो. मूळ नाटकात अजून चौदा वर्षेही पूर्ण न केलेल्या मुलीचे लग्न बाप परस्पर ठरवतो, त्यातली सगळी सक्ती या एका कृतीत उतरली आहे, आणि एकही संवाद न कळणाऱ्या मुलालाही ती कळते.

आता शेवटाविषयी. नोमिओची गाठ उद्यानातल्या खुद्द शेक्सपिअरच्या पुतळ्याशी पडते. त्याला पॅट्रिक स्ट्यूअर्ट यांचा भारदस्त आवाज आहे. पुतळा त्याला मूळ कथा ऐकवतो, दोघेही मरतात हे स्पष्ट सांगतो, आणि नोमिओ त्या शेवटावर त्याच्याशी वाद घालतो. म्हणजे मूळ शेवट मुलांपासून लपवलेला नाही. तो त्यांच्यासमोर मांडून मगच नाकारला आहे. याला द्रोह कसा म्हणावे? शिवाय ढिगाऱ्याखाली दोघेही गेले असे समजून लाल आणि निळ्या बागांतली वडीलधारी मंडळी वैर सोडतात, आणि त्यानंतरच ती दोघे जिवंत बाहेर येतात. मोठ्यांना शहाणपण मूल गमावल्याच्या दुःखातूनच येते, हा शोकांतिकेचा गाभा इथे शाबूत आहे.

एक गोष्ट मात्र मला खटकली. लाल बागेतला भांडखोर टिबॉल्ट फुटतो, तेव्हा सगळ्या बागेवर शोककळा पसरते. पण शेवटी तोही डिंकाने जोडलेला दिसतो, आणि आधीच्या दुःखाचे मोल उतरते. प्रेमिकांना वाचवायला माझी हरकत नव्हती. टिबॉल्टला फुटलेलाच ठेवायला हवे होते.

शेवट बदलण्याची परंपराही काही आजची नाही. नेहम टेट या नाटककाराने १६८१ साली शेक्सपिअरच्याच 'किंग लिअर'मधल्या कॉर्डेलियाला, म्हणजे लिअरच्या धाकट्या मुलीला, जिवंत ठेवून तिचे लग्न लावून दिले, आणि इंग्रजी रंगभूमीवर ते रूप जवळजवळ दीडशे वर्षे चालले, तेही मोठ्या माणसांसाठी. आपल्याकडे देवलांनी 'झुंझारराव'मध्ये ऑथेल्लोला मराठी नाव, मराठी पेहराव दिला, पण शेवट करुणच राखला. दोन्ही वाटा खुल्या आहेत.

तेव्हा शिबिरात नाटक गोड शेवटाचेच कर, मात्र तालमीच्या पहिल्याच दिवशी मुलांना मूळ कथा पूर्ण सांग, आणि टिबॉल्टला उठवू नकोस. संहितेचा पहिला खर्डा तयार झाला की लगेच पाठव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
बालमित्र