जुन्या गाडीचा फ्युएल पंप : आधी दाब मोजा, मग बिल करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल (ई-20) सगळीकडे मिळू लागल्यापासून जुन्या गाडीत काहीही बिघडले की त्या पेट्रोलवर खापर फोडून मोकळे होण्याची सवय गॅरेजवाल्यांना लागली आहे आणि आपल्यालाही. गाडी घाटात बंद पडली, सेल्फ मारूनही सुरू होईना, की बॉनेट उघडण्याआधीच ‘पंप गेला, ई-20 चा प्रताप’ असा निकाल लागतो आणि टाकीतील संपूर्ण पंप असेंब्ली बदलण्याचे एस्टिमेट हातात पडते. आमच्या घरच्या 2008 सालच्या पेट्रोल गाडीबाबत हेच झाले. दुसऱ्या एका मिस्त्रीने सवडीने तपासले तेव्हा पंप ठणठणीत होता. त्याला वीज पोचवणारा रिले मात्र तापला की दगा देत होता. पंपाच्या किमतीपुढे रिलेची किंमत किरकोळ असते, म्हणूनच हे पत्र लिहावेसे वाटले.

इंजिनात जाणारे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बुरेटरच्या काळात ही अडचण निराळी होती. प्रीमियर पद्मिनी किंवा सुरुवातीच्या मारुती 800 चा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असे, इंजिनातील फिरत्या कॅमशाफ्ट दांड्याच्या धक्क्यावर त्यातील पडदा हलत असे, आणि मे महिन्यात बोरघाट चढताना पेट्रोलची वाफ होऊन गाडी थांबली की चालक पंपावर ओले फडके टाकून निवांत बसत. 2000 च्या सुमारास इंजिनात पेट्रोलचा फवारा मारणाऱ्या इंजेक्शनच्या गाड्या रुळल्या तसा पंप टाकीच्या पोटात गेला आणि मालकाच्या नजरेआड झाला. हा विजेवर चालणारा पंप बहुतेक गाड्यांत साधारण 3 बार दाबाने, म्हणजे टायरमधील हवेपेक्षाही अधिक जोराने, पेट्रोल पुढे ढकलतो. त्याची मोटर पेट्रोलमध्येच बुडालेली असते आणि त्याच पेट्रोलने थंड राहते. काटा कायम रिझर्व्हवर ठेवून गाडी हाकणाऱ्यांच्या पंपाचे आयुष्य घटते ते त्यामुळेच. टाकीच्या तळाचा गाळ जाळीत ओढला जातो, फिल्टर तुंबतो आणि मोटरला जास्त जोर लावावा लागतो, हे वेगळेच.

पंप खरोखर थकत आला असेल तर गाडी सहसा आधी इशारा देते. सकाळी सेल्फ लांबतो, चढावर पिकअप जातो, इंजिन तापल्यावर गाडी बंद पडते आणि अर्ध्या तासाने काहीच झाले नसल्यासारखी सुरू होते. पण नेमकी हीच लक्षणे तुंबलेल्या फिल्टरची, गंजलेल्या अर्थिंगची आणि खराब रिलेचीही असतात, आणि निदानात घोळ होतो तो इथेच. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक घरघर ऐकू यायला हवी. ती आली नाही तर आधी फ्यूज आणि रिले पाहावेत, मग पंपाच्या कनेक्टरवर पुरेसे व्होल्टेज येते का ते मोजावे. घरघर येते पण गाडी ओढत नाही, अशा वेळी इंधनाच्या लाइनला गेज लावून दाब पाहण्यावाचून गत्यंतर नाही. इंजिन बंद केल्यावर दाब झरझर उतरला तर सेल्फ लांबण्याचे कारण तिथेही सापडू शकते. या सगळ्याला फारसा वेळ लागत नाही, तरीही कित्येक गॅरेजांत हे गेज भिंतीला टांगलेलेच राहते. टाकीच्या बुडाला रबरी हातोडीने ठोकून झिजलेली मोटर क्षणभर फिरवण्याची युक्ती मिस्त्री लोकांना ठाऊक असते. तिचा उपयोग गॅरेजपर्यंत पोचण्यापुरताच करावा. धक्का मारून काहीही साधत नाही, कारण इंजिनाला पेट्रोलच मिळत नसते. आणि सीट उचलून टाकीचे झाकण उघडणाऱ्याने आसपास कोणी विडी ओढत नाही ना, एवढे तरी पाहावे. हे सांगावे लागते याचेच नवल वाटते.

याचा अर्थ ई-20 निर्दोष आहे असा नाही. इथेनॉल पाणी शोषून घेते, जुन्या टाकीत साचलेला थर सुटा करते आणि त्यासाठी न बनवलेल्या रबरी नळ्या व वॉशर हळूहळू खराब करते. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हा त्रास अधिक जाणवतो. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच, मुळात साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई-10 साठी जुळवलेल्या चारचाकींचे मायलेज ई-20 वर सहा ते सात टक्के घटेल असे नमूद आहे. 2025 च्या ऑगस्टमध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने जुन्या गाड्यांतील काही रबरी भाग वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतील हे मान्य केले. मग आपल्या गाडीचे कोणते भाग, कोणत्या क्रमांकाचे आणि कुठे मिळतील, हे मालकाला कोणी सांगायचे? शोरूममध्ये विचारले तर ‘मॅन्युअल पाहा’ म्हणतात, आणि 2008 चे मॅन्युअल ई-20 विषयी काय सांगणार!

सदोष फ्युएल पंप ही केवळ जुन्या गाड्यांची व्यथा नाही. 2020 मध्ये मारुती सुझुकीने वॅगन आर आणि बलेनोच्या मिळून 1,34,885 गाड्या याच भागासाठी परत बोलावल्या आणि पंप मोफत बदलून दिले. मात्र 2021 पासून लागू झालेले सक्तीच्या रिकॉलचे नियम सात वर्षांहून कमी वयाच्या गाड्यांपुरतेच आहेत. त्यापुढच्या गाडीचा मालक सर्वस्वी बाजाराच्या हवाली असतो, आणि बाजारात त्याला बहुधा नुसती मोटर मिळत नाही. तरंगता गेज, जाळी, रेग्युलेटर आणि प्लास्टिकचा सांगाडा यांसह अख्खी असेंब्लीच माथी मारली जाते, नाहीतर कुर्ल्याच्या भंगार बाजारातून उतरवलेला कोणाचा तरी पंप नशिबी येतो. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुली करावी, असा आदेश भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना दंड ठोठावताना दिला होता. प्रकरण अपिलांत गेले, पण त्यामागचा मुद्दा आजही तितकाच खरा आहे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी शासन पाच हजार रुपये शुल्क घेते, म्हणजेच ही गाडी रस्त्यावर धावणार हे शासनाला मान्य आहे. तेव्हा तिच्या दुरुस्तीची सोय पाहणेही ओघाने आलेच.

म्हणून परिवहन आणि ग्राहक व्यवहार खात्यांकडे मागणी अशी की, पंप बदलण्याआधी मोजलेला इंधनाचा दाब आणि पंपाला मिळणारे व्होल्टेज यांची नोंद जॉब कार्डवर करणे अधिकृत सर्व्हिस सेंटरांना बंधनकारक करावे आणि काढलेला पंप ग्राहकाला परत द्यावा. कंपन्यांनी नुसती मोटर आणि जाळी सुटी विकावी, तसेच 2023 पूर्वीच्या प्रत्येक मॉडेलसाठी ई-20 वर बदलायच्या रबरी भागांची क्रमांकांसह यादी मराठीसह सर्व भारतीय भाषांत जाहीर करावी. तोवर वाचकांनी एस्टिमेटवर सही करण्यापूर्वी ‘दाब किती आला?’ एवढे आवर्जून विचारावे, आणि आकडा सांगता येत नसेल तर गाडी दुसरीकडे दाखवावी.

आपला नम्र,
एक वाचक, सातारा