अंगणवाडीच्या मदतनीस मावशींना उघड पत्र

प्रिय मावशी,

तुम्ही आता निवृत्त झालात, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहायला हरकत नाही. माझा मुलगा आठ महिन्यांचा होता तेव्हा तुम्ही त्याला जनता वसाहतीतल्या अंगणवाडीत ठेवून घेतलंत. नियमात ते बसत नव्हतं. तीन वर्षांखालच्या लेकराला अंगणवाडीतून आहाराचं पाकीट मिळतं, त्याचं वजन होतं. दिवसभर सांभाळायची सोय नसते. तुम्ही खिडकीच्या गजाला जुन्या लुगड्याची झोळी बांधलीत आणि म्हणालात, "तू जा क्लासला, मी आहे."

आमच्या बीडकडे ऊसतोडीची उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, जोडप्याला मिळते. नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हणून पोरींची लग्नं लवकर उरकतात. माझं सोळाव्या वर्षी उरकलं, नववीनंतर. कायद्याने मुलीला अठरा पूर्ण लागतात हे मांडवातल्या प्रत्येकाला माहीत होतं. पुढे यांना मार्केट यार्डात हमाली मिळाली आणि आम्ही पुण्यात आलो.

१७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते, हे मला तुम्ही सांगितलंत. गावच्या शाळेतून दाखला आणायला एसटीचं भाडं तुम्ही दिलंत, फॉर्मची फीसुद्धा तुम्हीच भरलीत. तुम्हाला पगार नव्हता, मानधन होतं, आणि तेही कधी लांबायचं. त्यातून तुम्ही माझं शिक्षण चालवलंत.

गणिताच्या पेपरला अर्ध्यातच दूध भरून आलं. पदर घट्ट ओढून मी कसाबसा पेपर पुरा केला. बाहेर आले तर फाटकाशी तुम्ही, कडेवर बाळ, हातात पदराने झाकलेली वाटी. खिचडी अंगठ्याने चुरून चुरून पेजेसारखी केली होती. बाळाच्या हनुवटीवर अजून एक शीत चिकटलेलं होतं. त्या दिवशी तुम्ही रजा टाकली होती, हे मला फार नंतर कळलं.

मावशी, तुमचे आभार मानताना मला रागही येतो. तुमच्यावर नाही. शिक्षणहक्क कायदा चौदाव्या वर्षी संपतो आणि अंगणवाडीतली बालवाडी तिसऱ्या वर्षी सुरू होते. सोळा-सतरा वर्षांची आई आणि तिचं तान्हं बाळ, दोघंही या दोन्हींच्या बाहेर. आणि आम्ही थोड्याथोडक्या नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के आई झालेल्या किंवा गरोदर निघाल्या.

१८६३ साली याच पुण्यात जोतीराव-सावित्रीबाई फुल्यांनी गरोदर विधवांच्या बाळंतपणासाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा घर त्यांचंच होतं आणि पदरमोडही त्यांचीच. तेव्हा दुसरं कुणी करणारं नव्हतं. आज महापालिका आहे, राज्य आहे, बजेट आहे. मग अजून मदतनीस बाईच्या मानधनातून का? 'पालना' नावाची पाळणाघर योजना २०२२ पासून केंद्राच्या 'मिशन शक्ती' या महिलांसाठीच्या कार्यक्रमात आहे, तिचा खर्च केंद्र आणि राज्य ६०-४० वाटून घेतात. म्हणजे वाट आहे. तसं एक पाळणाघर रात्रशाळेला किंवा १७ नंबरवाल्या मुलींच्या अभ्यासवर्गाला लागून निघालं, सोबत परीक्षेची फी आणि जाण्यायेण्याचं भाडं सरकारने दिलं, तर माझ्यासारख्या कितीतरी जणी शाळेत परततील. लग्नच उशिरा व्हावं हे पहिलं, ते मी कधीच सोडणार नाही. पण ज्यांचं होऊन गेलंय त्यांना सोडून कसं चालेल?

दहावी ६१ टक्क्यांनी पास झाले, ते तुम्हाला माहीतच आहे. आता बारावीचा फॉर्म भरलाय.

या पत्राची एक प्रत मी वॉर्ड ऑफिसात देणार आहे. एका मुलीमागे खर्च किती येतो, असं तिथे विचारतीलच. तो हिशेब तुमच्याइतका नेमका कुणालाच ठाऊक नाही. येत्या सोमवारी माझ्याबरोबर चला.

तुमची,
झोळीतल्या बाळाची आई