फिन्सबरीचा निकाल आणि इंग्रजांचं ‘मोठं मन’

संपादक महोदय,

दादाभाई नौरोजींच्या द्विशताब्दीवर आपल्या पुरवणीत आलेला लेख आवडला. मात्र इंग्रज मतदारांनी मोठ्या मनाने एका हिंदी माणसाला पार्लमेंटात धाडलं, हा त्यातला सूर खटकला. १८९२ साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीत दादाभाईंना २,९६१ मतं पडली आणि कॅप्टन पेंटन यांना २,९५६. फरक पाचाचा. सरकारी नोकरीत असताना, मतपत्रिकांच्या काळात, मतमोजणीच्या टेबलावर मी रात्री जागवल्या आहेत. इतक्या थोड्या फरकात मला कुणाचं मोठं मन दिसत नाही. दिसतात ते दारोदार फिरून एकेका मतदाराला केंद्रापर्यंत आणणारे कार्यकर्ते.

आम्हां बडोदेकरांना तर हे वेगळं सांगायला नको. १९९६ साली आमच्या लोकसभेच्या जागेवर सत्यजितसिंह गायकवाड १७ मतांनी निवडून आले. याच जागेवर १९९१ साली दूरदर्शनवरच्या सीतामाई, म्हणजे दीपिका चिखलिया, जिंकल्या होत्या आणि २०१४ साली नरेंद्र मोदी ५ लाख ७० हजारांनी. त्या सतरा मतांवरून बडोद्याचं राजघराण्यावरचं प्रेम मोजायला कुणी बसलं, तर रावपुऱ्यात त्याला कुणी दाद देणार नाही. मग फिन्सबरीलाच निराळा न्याय का?

मुळात फिन्सबरी हा साधाभोळा मतदारसंघ नव्हताच. १८३२ च्या सुधारणा कायद्याने तो दोन जागांचा मतदारसंघ झाला आणि लवकरच तिथून टॉमस डंकोम्ब आणि टॉमस वाक्ली ही जोडी निवडून येऊ लागली. वाक्ली म्हणजे ‘लॅन्सेट’ हे वैद्यकीय साप्ताहिक काढणारे डॉक्टर. संघटना बांधली म्हणून काळ्या पाण्यावर गेलेल्या डॉर्सेटच्या शेतमजुरांसाठी ते सभागृहात भांडले. डंकोम्बनी १८४२ साली चार्टिस्टांचा, म्हणजे सगळ्या प्रौढ पुरुषांना मत मागणाऱ्या चळवळीचा, अर्ज मांडला. त्यावर ३३ लाखांहून अधिक सह्या होत्या आणि बाड एवढं मोठं की सभागृहाच्या दारातून आत जाईना. सभागृहाने तो अर्ज ४९ विरुद्ध २८७ मतांनी झिडकारला. त्यानंतरही फिन्सबरीने डंकोम्बना सोडलं नाही. १८६१ साली वारले तेव्हाही ते तिथलेच खासदार होते. फिन्सबरीतल्या क्लार्कनवेलचे घड्याळजी, छापखानेवाले, सोनारकाम करणारे, असे हे मतदार. (बायकांना मत नव्हतं, आणि ज्याच्या राहण्याचा ठिकाणा नाही अशा पुरुषालाही नव्हतं.)

१८८५ साली जुना फिन्सबरी फोडून सेंट्रल फिन्सबरी ही एका खासदाराची जागा झाली. पहिल्या खेपेला लिबरल पक्षाचे स्पेन्सली आले. वर्षभरात आयर्लंडच्या स्वराज्यावरून तो पक्ष दुभंगला आणि १८८६ साली जागा टोरी, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या, पेंटनकडे गेली. त्याच निवडणुकीत शेजारच्या होबर्नमध्ये लिबरल उमेदवार दादाभाई ३,६५१ विरुद्ध १,९५० असे सपशेल पडले होते. दोन वर्षांनी पंतप्रधान सॉल्सबरींनी एडिंबरोच्या सभेत या पराभवाचा दाखला देत, इंग्लंडचे मतदार अजून ‘काळा माणूस’ निवडण्याइतके पुढे गेलेले नाहीत, असे उद्गार काढले. दादाभाईंचं नाव घरोघरी गेलं ते या अपमानामुळे. फुकटची प्रसिद्धी म्हणतात ती हीच!

पण उमेदवारी काही त्याने सोपी झाली नाही. स्थानिक लिबरलांचा एक गट रिचर्ड ईव्ह यांच्या मागे होता, पक्षाचे वरचे लोक कुंपणावर बसले होते आणि निवडणूक तोंडावर येईतो हे भांडण मिटलं नव्हतं. समोर पेंटन, म्हणजे ज्यांच्या जमिनीवर पेंटनविल वसलं त्या घराण्यातले. तिथल्या जमीनदाराशी साठी ओलांडलेल्या परदेशी माणसाची गाठ होती. पेंटननी निकालाला कोर्टात आव्हान दिलं आणि पुढे ते मागे घेतलं.

दादाभाईंना हा चिवटपणा कुठून आला, याचा थोडा शोध आपल्या लेखकाने बडोद्यात घ्यायला हवा होता. १८७४ साली ते मल्हारराव गायकवाडांचे दिवाण होते. बाळ मंगेश वागळ्यांसारखी माणसं बरोबर आणून त्यांनी कारभाराची घडी बसवायला घेतली, पण इंग्रज सरकारचा दरबारातला प्रतिनिधी, रेसिडेंट कर्नल फेअर, पावलोपावली आडवा आला. १८७५ च्या जानेवारीत दादाभाई राजीनामा देऊन गेले आणि एप्रिलमध्ये इंग्रजांनी मल्हाररावांनाच गादीवरून काढलं. बडोद्याचा निकाल बडोद्यात लागत नाही, हे ज्याने आतून पाहिलं तो वयाच्या साठीनंतर लंडनच्या गल्ल्यांतून मतं मागत फिरला, यात मला तरी नवल वाटत नाही. आपल्या लेखात या दिवाणगिरीला जेमतेम अर्धी ओळ मिळाली आहे.

आता राहिलं मोठं मन. १८९५ साली टोरींची लाट आली आणि दादाभाई फिन्सबरीत पडले. मॅसी-मेनवॉरिंग निवडून आले. त्याच निवडणुकीत, त्याच लंडनमध्ये, बेथनल ग्रीनच्या ईशान्य भागातून मंचेरजी भावनगरी निवडून आले. तेही पारशी, तेही हिंदी, पण टोरी. वाऱ्याची दिशा बघा म्हणजे दोन्ही निकाल उलगडतात. १९०६ साली वारा फिरला, तेव्हा भावनगरी पडले आणि फिन्सबरीने लिबरलांच्या पाठिंब्यावर उभे असलेले कामगार पुढारी स्टेडमन यांना निवडून दिलं.

आपला,
एक निवृत्त महसूल कर्मचारी
दांडिया बाजार, बडोदे