पाडव्याच्या फोननंतर

27 मार्च 2020

चि. सचिन यास आबाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळी बरी आहेत. तू फोन उचलत नाहीस म्हणून वहीतलं पान फाडून लिहायला बसलोय. टपालाचा भरवसा नाही, एस.टी. बंद. अक्का म्हणाली, तुम्ही लिहा, मी फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकते. शाळा बंद झाल्यापासून ती इकडंच आहे. शुद्धलेखन सुधारायचं नाही, असं तिला बजावलंय.

परवा पाडव्याला तू गावी येतो म्हणालास आणि मी ‘येऊ नको’ म्हणालो, ते कुठल्या आवाजात म्हणालो हे फोन बंद झाल्यावर माझं मलाच ऐकू आलं. तू काही बोलला नाहीस. फोन ठेवायच्या आधी खोकलास. दोनदा. त्या खोकल्याविषयी या पत्रात लिहायचं नाही असं ठरवलंय, तेव्हा तो विषय इथंच सोडतो.

गावचा रस्ता अडवायला फाट्यावर टाकलेल्या काट्यांचं तुला किरणकडून कळलंच आहे. पण कसं झालं ते माझ्याकडून ऐक. सोमवारी कोरोनापायी संचारबंदी लागली, जिल्ह्याच्या हद्दी बंद झाल्या. मंगळवारी सकाळी चावडीपुढच्या देवळात चाळीसएक माणसं जमली. एकमेकांपासून लांब राहायचं, हे ठरवायला खांद्याला खांदा लावून बसली. मुंबई-पुण्याचं कुणी आत घ्यायचं नाही असं एकानं काढलं आणि सगळ्यांनी माना हलवल्या. ज्याचं कुणी मुंबईला नाही असं एक घर या गावात दाखव मला. तरी कुणी नाही म्हणालं नाही. मी पण नाही. आम्ही बसलो होतो देवळाच्या सभामंडपात आणि डोक्यावर पाटी होती, मुंबईकर मंडळाच्या वर्गणीतून बांधला म्हणून. माझं नाव आहे त्यावर, खालून तिसरं.

फांद्या आपल्या बांधावरच्या बाभळीच्या. कुऱ्हाड मी चालवली. अंगठ्यात काटा मोडून आत राहिलाय, त्यामुळं अक्षर असं आलंय.

भीती काय काय करायला लावते ते बघतोय. महिन्यामागं चुलत्याच्या पोल्ट्रीतल्या कोंबड्या कुणी फुकट घेईना, कोंबडीनं कोरोना होतो म्हणून. शेवटी त्यानं जेसीबी बोलावून खड्डा घेतला. रविवारी संध्याकाळी पाचला टाळ्या-थाळ्या वाजवायला सांगितल्या, तर पोरांनी ढोल काढून मिरवणूकच केली. पाडव्याच्या रात्री बारा वाजता शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. कुठंतरी नुकतं जन्मलेलं पोर बोललं म्हणे, कोरा चहा प्या. तुझ्या आईनं चूल पेटवली. मी चिडलो आणि मग एक कप प्यालो. काय सांगू तुला.

आता तुमच्या गाळ्याचं. दहा माणसं, एक मोरी. मी तीस वर्षं असाच राहिलो, त्यामुळं मला कुणी चित्र काढून दाखवायला नको. धान्य-मसाल्याचा बाजार पूर्ण बंद ठेवून चालत नाही, गाडी आली की गोणी उतरायला माणूस लागणारच, हेही कळतं. पण पाठीवर गोणी असताना तोंड झाकलेलं ठेव. टॉवेल तुझा तुझा वेगळा. कामावरून आल्यावर कपडे दारातच काढून भिजत घाल. साबणानं वीस सेकंद हात धुवायचे, नुसते ओले करायचे नाहीत, तुझी लहानपणापासूनची खोड आहे. झोपताना निदान एकाच्या डोक्याकडं दुसऱ्याचे पाय करून झोपा. पानाची तलफ आवर, थुंकू नको. ताप मोजायला थर्मामीटर आहे का गाळ्यावर? दहाजणांत एक घेतला तर काय बिघडतंय? पैसे आले की आधी बूट आणि फोन, हे तुमचं...

राहू दे. अठ्ठावीस वर्षांच्या पोराला हात धुवायला शिकवतोय. दोन वर्षं झाली घर तुझ्या पैशावर चाललंय, विहिरीचं कर्ज तू फेडलंस, आणि हे मी कधी तोंडानं बोललो नाही. अक्का बाजूला बसून हसते आहे. हसू दे.

मिरचीच्या गोणीचा ठसका मला चांगला माहीत आहे. मसजिद बंदरला होतो तेव्हापासून, पुढं बाजार वाशीला आला तेव्हाही. तो घशातून येतो, डोळ्यांतून पाणी काढतो आणि गार पाणी प्यालं की बसतो. तुझा परवाचा तसला नव्हता. कोरडा होता, छातीतून आलेला. तुझी आई म्हणते, फोनवर सगळ्यांचाच खोकला तसा वाटतो. असेल. पण संध्याकाळी किती वेळा येतो ते बघ आणि जिना चढताना दम लागतो का तेही बघ. लागला तर मिरची, धूळ असली कारणं सांगत बसू नको, सरळ दवाखाना गाठ. मुंबईचे संशयित कस्तुरबाला नेतात असं टीव्हीवर दाखवतात. घाबरून लपवू नको. हातावर वेगळं राहायचा शिक्का मारला तर मारला. रेल्वेतून शिक्केवाली माणसं उतरवली ती बातमी बघून आमच्याकडची म्हणत होती, बरं केलं. मला त्या माणसांच्या घरच्यांचं वाटत होतं.

कलेक्टरसाहेबांच्या आदेशावर 1897 चा साथरोग कायदा असं छापलंय. अक्का म्हणाली, हा कायदा मुंबईच्या प्लेगसाठीच झाला होता. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. व्हिएगस नावाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा प्लेग ओळखला. मांडवी रे! तिथल्या वखारींतून मी कितीतरी वर्षं गोण्या वाहिल्या, आणि कुणी सांगितलं नव्हतं. लाखो माणसं मुंबई सोडून गावाकडं पळाली आणि प्लेग त्यांच्याबरोबर देशावर आला. हे ऐकलं तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, म्हणजे मी सचिनला बरोबर सांगितलं. तुम्ही भाजीच्या रिकाम्या टेम्पोत ताडपत्रीखाली बसून रात्रीत यायचं ठरवत होता. तुमच्यातल्या एकाला असेल तर सकाळपर्यंत दहाही जणांना होईल, आणि ती दहाजणं दहा घरांत शिरतील.

पण तेवढंच नव्हतं.

1994 साली सुरतेत प्लेग आला. तू दोन वर्षांचा होतास. मुंबईत हातोहात टेट्रासायक्लिनच्या गोळ्या संपल्या. गाळ्यावर कुणीतरी अफवा आणली की रेल्वेतून पेशंट आलेत, आणि मी पहाटेच्या एस.टी.नं निघालो. गोळ्यांची डबी खिशात, तोंडाला रुमाल. घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. तुझी आज्जी दारात आली, माझ्या तोंडावरचा रुमाल बघितला आणि तिला सगळं कळलं. तिनं तुला तुझ्या आईजवळ देऊन दोघांना खालच्या आळीला पाठवलं. मग अंगणात चूल मांडून पाणी तापवलं. मला तिथंच अंघोळ घातली, तिशी ओलांडलेल्या माणसाला, डोक्यावरून तांब्यानं. कपडे काठीनं उचलून उकळत्या पाण्यात टाकले. आणि म्हणाली, आत ये, भाकरी गार होते. मला तिनं परत जा म्हटलं नाही. तिच्या लहानपणी घरात उंदीर पडला की गाव सोडून माळावर खोपटी घालून राहायचे, तिला प्लेग काय असतो ते ऐकून नाही, बघून माहीत होतं. तरी म्हणाली नाही.

आता ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. न्हाणीपासून खाटेपर्यंत येताना दोनदा थांबते. टीव्हीवर रोज सांगतात, म्हाताऱ्यांना जास्त धोका. तू ‘येतो’ म्हणालास तेव्हा मला गाव दिसलं नाही, कायदा दिसला नाही, खाटेवर बसलेली ती दिसली. आणि मी तुला बाहेर ठेवलं. एका बाजूला आई आणि एका बाजूला पोरगा, असं मला कधी मोजावं लागलं नव्हतं. तिला अजून सांगितलेलं नाही. ती रोज विचारते, पाडव्याला सचिन का आला नाही? मी गाड्या बंद आहेत म्हणून सांगतो. ते खरंच आहे म्हणा.

काल मळ्यातलं खोपट झाडून घेतलं. छपरावरचं पाचट बदललं, खाट टाकली, रांजण भरून ठेवला. मोटरच्या खोलीतून वायर ओढून एक बल्ब लावलाय. गावातलं कुणी विचारलं तर सांगतो, राखणीला लागतं. तुझ्या आईनं गोधडी नेऊन ठेवली आणि काही बोलली नाही. हे वाचून निघू नको. ताडपत्रीखाली बसून तर मुळीच येऊ नको. गाड्या सुरू होतील, काटे निघतील, तेव्हा चौदा दिवस तिथं राहा. जेवण मी बांधावर आणून ठेवत जाईन. फाट्यावर कुणी अडवलं तर माझं नाव सांग. त्या दिवशी गप्प बसलो तसा दुसऱ्यांदा बसणार नाही. बसेन की नाही, खरं तर सांगता येत नाही. पण फाट्यावर येईन.

माझ्याशी बोलायचं नसलं तर सकाळी आठच्या सुमारास आज्जीला फोन कर. मी तेव्हा मळ्यात असतो. तिला आता कमी ऐकू येतं, मोठ्यानं बोल. तुझा खोकला तिला कळायचा नाही. पण अक्का शेजारी असते, तिला मी सांगून ठेवलंय.

तुझा,
आबा

ता. क. काटा निघाला. आज्जीनंच सुईनं काढला, चष्म्याशिवाय.