कुर्डुवाडी स्थानकाचे साल १८९७ नव्हे, १८५९

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुर्डुवाडी स्थानकाविषयी कुठेही काही लिहून आले की सुरुवात हमखास बार्शी लाइट या छोट्या रेल्वेपासून होते आणि साल दिले जाते १८९७. ते साल बार्शी लाइटचे आहे, स्थानकाचे नाही. स्थानक त्याहून अडतीस वर्षांनी जुने आहे. अमृत भारत योजनेच्या यादीत कुर्डुवाडी आहे, तेव्हा आज ना उद्या तिथे इतिहासाचा फलक लागणारच. चुकीचे साल एकदा दगडात कोरले गेले की ते काढायला कोणी जात नाही. म्हणून हे पत्र आताच लिहीत आहोत.

जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे पुण्याहून सोलापूरकडे टप्प्याटप्प्याने आली. डिसेंबर १८५८ मध्ये गाडी डिकसळपर्यंत धावू लागली, ऑक्टोबर १८५९ मध्ये कुर्डुवाडीपर्यंत, जानेवारी १८६० मध्ये मोहोळपर्यंत आणि सीना ओलांडून जून १८६० मध्ये सोलापुरात. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ ची, म्हणजे रूळ आधी आले आणि भोंगा नंतर वाजला. त्या वेळी बोरघाटाचे काम पुरे व्हायचे होते, ते झाले १८६३ मध्ये. तोवर मुंबईला जाणारा माल खंडाळ्याला गाडीतून उतरवायचा, घाटाखाली न्यायचा आणि तिथे पुन्हा दुसऱ्या गाडीत भरायचा.

१८५९ मध्ये स्थानकाला कुर्डुवाडी हे नाव नव्हते, पाटीवर होते ‘बार्शी रोड’. रेल्वेच्या भाषेत नावापुढे ‘रोड’ लागले की समजायचे, गाव इथे नाही, इथून सडकेने जायचे आहे. आपल्याच सोलापूर रेल्वे विभागात अक्कलकोट रोड, गाणगापूर रोड आणि कळंब रोड आजही आहेत. बार्शी ही तेव्हा कापसाची मोठी पेठ, पण बालाघाटाच्या पायथ्याशी, मुख्य मार्गापासून पस्तीसेक किलोमीटर बाजूला. त्यामुळे कापसाच्या गाठी बैलगाडीने बार्शी रोडला यायच्या. पावसाळ्यात काळ्या रानातल्या वाटेवर गाडीची चाके आसापर्यंत (दोन चाकांमधल्या दांड्यापर्यंत) रुततात, हे या भागात कोणाला सांगायला नको. बार्शीला फाटा हवा होता तो या अडचणीपायी.

हा फाटा बांधणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप १८८२ मध्ये जीआयपीत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून आलेला. १८९५ मध्ये लंडनला कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये बार्शी लाइट धावली. इथे दुसरी चूक दुरुस्त करायला हवी. अनेक जण तिला माथेरानच्या गाडीसारखी म्हणतात. माथेरानच्या दोन रुळांमधले अंतर (गेज) दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर. बार्शी लाइटचे अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. ब्रॉडगेज साडेपाच फूट, १६७६ मिलिमीटर. माथेरानची गाडी पर्यटकांसाठी, ही मुख्यतः मालासाठी.

कॅलथ्रॉपचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. त्याने रूळ घेतला यार्डाला ३० पौंडांचा, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलो. आज मुख्य मार्गावर पडतो तो रूळ मीटरला ६० किलोचा. इतक्या हलक्या रुळावर जड गाडी चालवायची तर एकाच आसावर भार पडून चालत नाही. म्हणून त्याने नियमच घातला की इंजिन असो, डबा असो वा मालाची वाघीण (मालडबा), कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. इंजिनाला आठ चाके जोडलेली आणि मागे चार, असे सहा आस दिले आणि वजन तीस टनांच्या आत बसवले. वाघिणी चार आसांच्या, त्यामुळे वाघीण आणि माल मिळून वीस टनांपर्यंत. सांगाडे दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे, लीड्समध्ये बनलेले. तिथेच न्यूले या ठिकाणी चाचणीचा रूळ टाकून गाड्या आधी तपासल्या आणि मग बोटीने पाठवल्या. पुढे इंग्लंडमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड या छोट्या रेल्वेला त्याने हाच गेज दिला. बार्शीवर ठरलेली पद्धत इंग्लंडला गेली, हे आपल्या जिल्ह्याने अभिमानाने सांगायला हवे.

गेज बदलला तिथे उतरव-चढव आली, आणि कुर्डुवाडीचा खरा इतिहास या उतरव-चढवीचा आहे. ब्रॉडगेजची जुनी चार चाकी बंद वाघीण साधारण २२ टनांची. छोट्या गाडीची वाघीण त्याहून बरीच कमी घेणार. एका मोठ्या वाघिणीचा माल एका छोटीत मावत नाही आणि दोन छोट्या घेतल्या तर दुसरी अर्धी रिकामी जाते. म्हणून समोरासमोर वाघिणी लावताना मुकादमाला जोड जमवावी लागे. एका बाजूची वाघीण उशिरा आली की दुसऱ्या बाजूची अडकून पडे. गाठीचा पट्टा तुटतो, ज्वारीचे पोते आकडा लागून फाटते, तेलबियांची गळती होते, पावसात ताडपत्री अपुरी पडते. दोन वेळा वजन, दोन वेळा पावती, आणि तूट निघाली तर ती कोणत्या बाजूची यावर वाद. हे सगळे ओझे हमालांनी पाठीवर वाहिले, वर्षानुवर्षे. इंजिनाचे फोटो पुष्कळ मिळतात, पण या कामाची नोंद फार थोडी आहे.

पुढचे विस्तार थोडक्यात. पंढरपूरपर्यंत १९०६, लातूरपर्यंत १९११, मिरजेपर्यंत १९२७, एकूण सुमारे ३२५ किलोमीटर. आषाढी-कार्तिकीला डबे पुरत नसत, तेव्हा मालाच्या वाघिणींतूनही वारकरी गेले. १ जानेवारी १९५४ ला सरकारने कंपनी विकत घेतली. ही तारीख मुद्दाम देत आहोत, कारण विदर्भातल्या ‘शकुंतला’ या रेल्वेची गोष्ट उचलून ‘बार्शी लाइट शेवटपर्यंत इंग्रज कंपनीची होती’ असे छापले जाते. ते चूक आहे. कुर्डुवाडी–पंढरपूर हा ५२ किलोमीटरचा भाग २००२ च्या सुमारास ब्रॉडगेज झाला, लातूरची बाजू २००७-०८ मध्ये, मिरजेची त्यानंतर. लातूरच्या बाजूला रूळ रुंद करताना मार्गही बदलला. छोटी गाडी धाराशिवला जात नव्हती, येडशीला उतरावे लागे. आता धाराशिव मार्गावर आले आणि जुन्या मार्गाचे काही भराव, मोऱ्या तशाच रानात राहिल्या. त्यांचा मुरूम आणि दगड उचलला जाण्याआधी मोजमापे घेतली पाहिजेत.

जे उरले आहे ते ओळखायचे कसे, हे सांगणे जास्त गरजेचे वाटते. रेल्वेच्या आवारात कुंपणाचे खांब म्हणून जुने रूळ कापून रोवण्याची पद्धत सगळीकडे आहे. रूळ तयार होताना त्याच्या उभ्या पट्टीवर, म्हणजे डोके आणि तळ यांच्या मधल्या भागावर, उठावाची अक्षरे उमटवलेली असतात: कारखान्याचे नाव, साल, बहुधा वजनाचा आकडाही. वरचा डांबराचा किंवा रंगाचा थर आधी लाकडी पट्टीने खरवडायचा, मग तारेचा ब्रश हलक्या हाताने फिरवायचा. छिन्नी लावायची नाही, अक्षरांच्या कडा जातात. मग खडू आडवा धरून घासला की उठाव पांढरा दिसतो. फोटो समोरून फ्लॅश मारून काढला तर काहीच वाचता येत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी उजेड बाजूने पडत असताना काढावा. आकडा पुसला असेल तर तळाची रुंदी आणि उंची मोजावी. १५ किलोचा रूळ शेजारच्या कुठल्याही ब्रॉडगेज रुळापुढे काडीसारखा दिसतो, चूक होत नाही. अक्षरे असलेला तुकडा गॅसने कापताना कटर बरोबर अक्षरांवरून जातो, असे वारंवार घडते. भंगाराचा लिलाव होण्याआधी असे तुकडे खडूने खूण करून बाजूला ठेवावेत, एवढी सूचना पुरेशी आहे.

जिथे काळ्या दगडाचे चुन्यातले बांधकाम उरले असेल तिथे दर्जा (दगडांमधल्या सांध्यांच्या फटी) सिमेंटने भरू नयेत. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडते. कोंडलेली ओल आतल्या बाजूने गिलाव्यातून निघते, पांढरे क्षार फुटतात आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. मग ‘भिंत जुनी झाली’ म्हणून ती पाडली जाते. चुना मळून दर्जा भरणारे गवंडी आपल्याकडे अजून आहेत.

कागदपत्रांबद्दल एक गोष्ट शोधकर्त्यांच्या लक्षात राहत नाही. सोलापूर विभाग २ ऑक्टोबर १९६६ पासून १९७७ पर्यंत दक्षिण मध्य रेल्वेत होता. त्या अकरा वर्षांतला नकाशा किंवा पत्रव्यवहार मुंबईत सापडला नाही म्हणून तो नष्ट झाला असे समजू नये, दक्षिण मध्य रेल्वेच्या मुख्यालयात, सिकंदराबादलाही विचारावे.

सोलापूर–कुर्डुवाडी हे अंतर ७९ किलोमीटर. मासिक पास १५० किलोमीटरपर्यंत मिळतो, त्यामुळे बाळे, पाकणी, मोहोळ, माढा करत या मार्गावर रोज ये-जा करणारे नोकरदार आणि विद्यार्थी थोडेथोडके नाहीत. फलक त्यांच्या रोजच्या वाटेत, तिकीट खिडकीजवळ लावावा. त्यावर ‘बार्शी रोड, १८५९’ ही ओळ सर्वांत वर असावी, बार्शी लाइटचे १८९७ तिच्या खाली, आणि तिसरी ओळ इथे माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत नेणाऱ्या हमालांची. शेजारी १५ किलोच्या आणि ६० किलोच्या रुळाचा वीतभर लांबीचा एकेक तुकडा, हात लावता येईल असा, पक्का बसवावा.

आपले,
सोलापूर–कुर्डुवाडी मार्गावरील काही प्रवासी व रेल्वे अभ्यासक, सोलापूर