पत्रकात मिश्री कुठे आहे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तंबाखूविरोधी फेरीचा फोटो कालच्या अंकात पाहिला. पुढे पुठ्ठ्याची भलीमोठी सिगारेट, मागे टोप्या घातलेले कार्यकर्ते. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण २०१६-१७ च्या ‘गॅट्स’ या प्रौढांच्या तंबाखू-वापराच्या पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी तंबाखू वापरणारे २६.६ टक्के निघाले आणि विडी-सिगारेट ओढणारे अवघे ३.८ टक्के. बाकीचे मळणारे, चघळणारे, लावणारे. मग दरवर्षी सिगारेटच का मिरवता?

माझ्या आईने चाळीस वर्षं मिश्री लावली. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, घरभर ठसका उठायचा, मग कुटून, वस्त्रगाळ करून डबीत. अशीच एक मोहीम आमच्या गावात आली होती. शाळेच्या पडवीत सडलेल्या जबड्यांचे फोटो लावले होते. आईने पदर तोंडाला लावून सगळे पाहिले आणि म्हणाली, “हे गुटखा खाणाऱ्यांचं रं. मी कुठं खाती? मी दात घासती.” पत्रक घरी आणून मी दोनदा वाचलं. मिश्री हा शब्दच त्यात नव्हता. पुढे तिच्या गालात आतून पांढरा चट्टा उठला, तेव्हा डॉक्टरांनी पहिल्याच वाक्यात विचारलं, “मिश्री लावता का?” दोन ऑपरेशनं झाली. आज ती पेजेवर आहे.

सिनेमाच्या आधी पूर्वी लागायची ती मुकेशची जाहिरात आमच्याकडे पोरासोरांना पाठ होती. भुसावळचा पोरगा आपलं नाव सांगतो, एकच वर्ष गुटखा खाल्ला म्हणतो, म्हणून ती काळजाला भिडली. तशीच मिश्री सोडलेली एखादी बाई बचत गटाच्या बैठकीत बोलू द्या, तिच्या बोलीत. गरोदरपणी मिश्री लावली तर बाळ कमी वजनाचं होतं, हे आशाताईंनी घरी बसून सांगितलं, तेव्हा आमच्या आळीतल्या दोघी सुनांनी डबी फेकली. फोटो पाहून एकीनेही फेकली नव्हती.

आता थोडं आपल्याबद्दल. फेरीचा फोटो पान चारवर आणि पान एकवर वेलचीची अर्धं पान जाहिरात. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी त्या वेलचीच्याच नावाची गुटख्याची पुडी आमच्या एसटी स्टँडसमोर मिळते. हे आपल्या जाहिरात विभागाला ठाऊक नसेल, असं मला वाटत नाही. ती जाहिरात आपण का घेता, याचं उत्तर याच सदरात छापावं ही विनंती.

आपला,
एक वाचक, पाटण (जि. सातारा)