लांब क्लॅरिनेटचा दुसरा उपयोग

संपादक महोदय,

मोझार्टच्या क्लॅरिनेट कॉन्चेर्टोवरील आपल्या पुरवणीतल्या लेखात बॅसेट क्लॅरिनेट म्हणजे 'खाली चार सूर जास्त असलेलं वाद्य' असं म्हटलं आहे. क्लॅरिनेटवादक आंटोन श्टाडलरसाठी १७९१ साली लिहिलेल्या त्या रचनेपुरतं हे खरं. पण वाजवणाऱ्याच्या खऱ्या कामाचा भाग त्यात राहून गेला.

बासरीत फुंक वाढवली की सा-चा तार सा होतो. क्लॅरिनेटची नळी रीडच्या (तोंडाकडच्या कंप पावणाऱ्या पातीच्या) बाजूने बंद असल्यासारखी वागते. म्हणून अंगठ्याची रजिस्टर चावी उघडताच सा-वरून थेट वरच्या सप्तकातला पंचम निघतो. नेहमीच्या वाद्यात सगळ्यांत खालच्या ई-चा असा बी होतो. नळी सी-पर्यंत लांबवली की ई-फ्लॅटमधून (फ्लॅट म्हणजे अर्धा स्वर खाली) बी-फ्लॅट, डी-मधून ए, डी-फ्लॅटमधून ए-फ्लॅट आणि सी-मधून जी (नावं कागदावर लिहिलेल्या स्वरांची, प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या नव्हेत). म्हणजे नेमके ते थ्रोट टोन (रजिस्टर बदलण्याआधीचे, आखूड नळीतून निघणारे सूर), ज्यांच्या फिकट आवाजाला सगळेच वैतागलेले असतात! त्यातही बी-फ्लॅट सर्वांत पोकळ, कारण रजिस्टरचं बारीक छिद्रच त्याला वापरावं लागतं.

सी-पर्यंतच्या बास क्लॅरिनेटवर, किंवा ई-फ्लॅटपर्यंतच्या फुल बोएमवरही (जादा चाव्यांच्या क्लॅरिनेटवरही), हा लांब बी-फ्लॅट करून पाहावा. सगळी छिद्रं बंद, ई-फ्लॅटची चावी, वर रजिस्टर. आवाज भरीव येतो. पुढे बी किंवा सी घ्यायचा असेल तर फक्त करंगळ्या हलतात, ब्रेक (खालच्या व वरच्या रजिस्टरमधला सांधा) ओलांडावा लागत नाही. मात्र सी डाव्या करंगळीने घ्यावा. उजवी ई-फ्लॅटवर अडकलेली असते.

अडचणी दोन. रजिस्टरच्या छिद्राची जागा तडजोडीची असते. इतक्या लांब नळीला ते फार वर पडतं, त्यामुळे सूर चढा लागू शकतो. ट्यूनरवर तपासूनच वापरावा. चांगल्या बास क्लॅरिनेटला म्हणूनच दोन छिद्रं असतात आणि उजव्या अनामिकेनुसार ती आपोआप बदलतात. दुसरी अडचण गळतीची. पूर्ण नळी बंद असल्याने एक पॅड (छिद्र झाकणारी चावीखालची गादी) जरी नीट बसला नसला तरी सूर गुरगुरतो. रीड बदलत बसण्यापूर्वी खालचा सी अगदी हळू फुंकून पाहावा. तो अडखळला तर आधी पॅड तपासावेत.

जलद तानेत एवढी बोटं टेकवायला वेळ नसतो. तिथे ए-ची चावी आणि बाजूच्या चार चाव्यांतली वरून दुसरी, हाच बी-फ्लॅट बरा.

– एक क्लॅरिनेट शिक्षक, मडगाव